जावेच्या भगरीचा पंचनामा

देवणीत मन्मथची गिरणी कुठाय म्हणून विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. सिंधुची गिरणी म्हणा, हाताला धरून दारात नेऊन सोडतील. कागदावर गिरणी नवऱ्याचीच, मन्मथची. पण बावीस वर्षांखाली पट्ट्यात त्याचा उजवा हात सापडला, तीन बोटं कायमची आखडली, आणि तेव्हापासून बटन दाबणारी, पट्टा चढवणारी, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावणारी एकटी सिंधु. माहेर तिकडं नायगावचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन इकडं आली तेव्हा हिला धड भाकर थापता येत नव्हती, असं तिची सासू मल्लम्मा अजून चारचौघांत सांगते. आता सिंधु पन्नाशीला टेकली. ज्वारी दगडात पडली की आवाजावरून सांगते, कोरडवाहू रानातली की पाण्यावरची. दाणा दाताखाली धरला की सांगते, किती दिवसांचं ऊन खाल्लंय. ही विद्या तिला कुणी शिकवली नाही आणि तिचं सर्टिफिकेटही कुणी दिलं नाही. हेच तिचं दुखणं होतं, असं ती म्हणायची. पण खोटं कशाला बोला? दुखणं सर्टिफिकेटचं नव्हतंच. दुखणं साक्षीचं होतं.

साक्षी म्हणजे तिची धाकटी जाऊ, दीर हरिओमची बायको. आठ वर्षांखाली उदगीरहून आली, बी.कॉम. झालेली, बोलायला गोड, चालायला चपळ. जावा जावा, उभा दावा म्हणतात. पण दावा मांडायला समोरचीनं भांडावं तरी लागतं! ही बया भांडतच नव्हती. सणाला पहिलं ताट अक्काकडं, नवी साडी घेतली की आधी अक्काला दाखवायची. तिनं एकदा तरी उलटं बोलावं म्हणून सिंधुनं काय काय केलं नाही. सांडपाणी तिच्या दारावरून सोडलं, तिच्या माहेरच्यांना नावं ठेवली. साक्षी म्हणायची, "जाऊ द्या अक्का." आता ह्या 'जाऊ द्या'वर माणसानं डोकं कुठं आपटावं?

अंगण एक होतं, चुली दोन. गिरणीच्या दारात उभं राहिलं की साक्षीची ओसरी समोर दिसायची, आणि सिंधु दिवसातले सात तास त्या दारातच उभी. तिच्या डोळ्यांदेखत त्या ओसरीवर बचत गट झाला. दहा बाया जमल्या. योजनेतून दळायचं छोटं मशीन आलं, अन्नाचं लायसन आलं, लेकीच्या नावानं पाकिटं छापून आली, 'सृष्टी उपवास पीठ'. लातूरच्या प्रदर्शनात त्या पाकिटांना बक्षीस मिळालं आणि साक्षीचा फोटो पेपरात आला. मल्लम्मा तो पेपर घडी घालून उशाखाली ठेवायची. पाहुणा आला की चहाच्या आधी पेपर. बावीस वर्षं ह्या म्हातारीला सिंधुनं ताजं पीठ घातलं, एक दिवस तरी "बरं दळलीस गं" म्हणाली का? नाव नको.

तरी हेही सिंधुनं गिळलं असतं. गिळवलं नाही ते मठाचं.

महाशिवरात्रीला मठात सगळ्या गावाची फराळाची पंगत बसते. भगरीच्या पिठाची भाकर आणि शेंगदाण्याची आमटी. पंगत वाढून झाली की पहिला घास मोडायच्या आधी मठाचे कारभारी आप्पासाहेब माइक हातात घेतात आणि कुणी काय सेवा केली ते वाचून दाखवतात. शेंगदाणे अमक्याचे, जळण तमक्याचं. आणि मग, "दळणसेवा, गिरणीवाल्या सिंधुताई." एवढंच. पण ते ऐकायला सिंधु जरीची साडी नेसून जायची. तिच्या नावापुढं 'ताई' लागायचं ते वर्षातून तेवढंच एकदा, आणि तेवढ्यावर ती पुढचं वर्ष काढायची.

औंदा माघ लागला तसे आप्पासाहेब गिरणीत आले. बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

"सिंधुताई, कायदा लई कडक झालाय. भगरीनं कुठं कुठं माणसं दवाखान्यात पडायलीत. आता पंगतीला लायसनवालं पीठ पायजे म्हनायलेत. अन् लायसन तर तुमच्या घरातच हाय की! औंदा साक्षीताईकडनं घेऊत. घर एकच, नव्हं का?"

"हाव," सिंधु म्हणाली. दुसरं काय म्हणणार? त्या दिवशी तिनं जेवढी दळणं केली तेवढी सगळी जाडीभरडी निघाली, आणि बाया कुरकुरल्या तर म्हणाली, पटत नसलं तर लायसनवालीकडं न्या.

आता भगरीचं शास्त्र सांगतो. भगर निवडायची, पाखडायची आणि लागेल तेवढीच दळायची. धुवायची नसते. पण बायांना वाटतं, पोत्याला किती जणांचे हातपाय लागलेले, उपवासाला असं कसं चालंल? म्हणून धुतात. धुतली तर मग कडक उन्हात चांगली तीन-चार दिवस वाळवावी लागते, नाहीतर ती आतून ओली राहते आणि बुरशी धरते. साक्षीनं तर पाकिटावरच छापलं होतं, 'सोवळ्यात धुऊन वाळवलेली'. गटाच्या बायांनी दोन क्विंटलाच्या जवळपास भगर धुतली, गच्चीवर पसरली, आणि त्याच दुपारी आभाळ आलं. पाऊस नाही पडला, पण ऊनही नाही. तीन दिवस नुसतं कोंदट. चौथ्या दिवशी साक्षी मूठभर दाणे घेऊन गिरणीत आली.

"अक्का, तुमच्याइतकं कुणाला कळत न्हाई. बगा की, वाळली का?"

सिंधुनं दोन दाणे दाताखाली धरले. वाळलेला दाणा कट्कन फुटतो. हे फुटले नाहीत, चपटे होऊन दाताला चिकटले. अजून दोन दिवसांचं तरी ऊन पाहिजे होतं. हे सांगायला कितीसा वेळ लागतो? साक्षी समोर उभी होती, कपाळावर घाम, आणि नजर अशी की अक्का म्हणतील ती पूर्व. सिंधुनं दाणे जिभेवर फिरवले आणि मनात म्हणाली, सांगितलं तर ही वाळवणार, चांगली दळणार, आणि माइकवर हिचंच नाव येणार. माझ्या दातानं हिचं नाव!

"चालंल की," ती म्हणाली. "दळ."

मग आठवडाभर सिंधु वाट बघत राहिली. कशाची, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. पाकिटं भरून खोलीत रचून ठेवली होती. शिवरात्रीच्या आठ दिवस आधी ती दुकानात आणि मठात जायची होती, त्यामुळं एकही बाहेर गेलं नव्हतं. तेवढ्यात सोमवार आला. मल्लम्माचा सोमवारचा उपवास कधी चुकत नाही, आणि नवं पीठ आधी देवाला, मग घरच्या वडीलधाऱ्या माणसाला, अशी त्यांच्याकडं रीत. साक्षी स्वतः सोमवार धरत नव्हती. तिनं पाकीट फोडलं, दोन भाकरी केल्या, देवाला दाखवल्या आणि सासूच्या ताटात वाढल्या. सिंधु ताक मागायला म्हणून गेली होती. दारात उभी राहून तिनं म्हातारीला पहिला तुकडा मोडताना बघितलं. तिच्या घशापर्यंत शब्द आला होता. पण मल्लम्मा घास चावत म्हणाली, "साक्षी, पीठ लई सरस झालंय गं अव्वा," आणि सिंधुच्या घशातला शब्द परत खाली गेला.

संध्याकाळी म्हातारीला चक्कर आली. हातपाय लटलट कापायला लागले, उलट्या झाल्या. उदगीरला नेलं, दोन सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, उपाशीपोटी पित्त उसळलंय. सगळ्यांनी ते मानलं. एकटी सिंधु जाणून होती, आणि तिला भीती वाटली, खरी भीती. ह्या पिठाची शिवरात्रीला हजार माणसं भाकर खाणार होती. तेव्हा तरी तिनं सरळ ओसरीवर जाऊन सांगावं की नाही? पण नाही. सांगितलं असतं तर साक्षीनं गुपचूप पीठ फेकून दुसरं केलं असतं, आणि गावाला कळलंही नसतं. सिंधुला माणसं वाचायला हवी होती आणि साक्षी बुडायलाही हवी होती. दोन्ही एका दगडात बसवायचा रस्ता तिला एसटी स्टँडवर सापडला. तिथं भिंतीवर कागद डकवला होता, खराब भगर दिसल्यास ह्या नंबरावर कळवा.

मन्मथच्या मोबाइलवरून तिनं फोन लावला. पलीकडून एका बाईनं सगळं लिहून घेतलं. नाव गुप्त राहील म्हणाली. "पण तुम्हाला खात्री कशी?"

"मला न्हाई तर कुणाला? घरातलीच हाय मी," सिंधु म्हणाली आणि फोन ठेवला.

गुरुवारी लातूरहून अन्न खात्याची पांढरी जीप आली. एक साहेब, एक मॅडम. सिंधुनं गिरणी बंद केली आणि दारात ठाण मांडलं. रस्त्यापलीकडचा स्टोव्ह-गॅस दुरुस्तीवाला महेबूब पंच म्हणून बोलावला गेला, आणि त्याच्यासोबत गटाबाहेरचा आणखी एक जण. पाकिटं फोडली तर आत पिठाचे गोळे झालेले, आणि कडेनं हिरवट झाक. कोंदट वास अंगणापर्यंत आला. मॅडमनी नमुना चार भागांत बांधून लाखेनं सील केला आणि साक्षीला समजावून सांगितलं. नमुना तपासायला जाईल. उरलेला माल जप्त करून इथं ठेवता येईल, किंवा तुमची लेखी संमती असेल तर आजच नष्ट करता येईल.

"आधी एक सांगा मॅडम," साक्षी म्हणाली, "हे खाल्लं असतं तर काय झालं असतं?"

"चक्कर, हातपाय कापणं, उलट्या. म्हातारं माणूस असेल तर जिवावर बेततं."

साक्षी मागं वळली. मल्लम्मा उंबऱ्यात बसली होती. साक्षीनं तिच्या पायांवर डोकं टेकलं आणि हंबरडा फोडला. सिंधुला वाटलं, आता म्हातारी हिला लाथाडणार. आता कळेल पेपरात फोटो येणं म्हणजे काय ते. आणि म्हातारीनं काय करावं? सुनेचं डोकं मांडीवर घेतलं.

"रडू नकोस गं. तू काय जाणून घातलीस का मला?"

सिंधुच्या अंगाचा तिळपापड झाला. सासूला दवाखाना दाखवला तरी लाडकी ती लाडकीच! साक्षीनं डोळे पुसले, कागदावर सही केली आणि म्हणाली, "आजच पुरा. एक कण ठेवू नका."

गावाबाहेर कचरा टाकतात तिथं जेसीबीनं खड्डा काढला. एकशे ब्याऐंशी किलो माल. पाकीट न पाकीट फाडून रिकामं केलं, वर फिनेल ओतलं, मग माती. सिंधु पदर डोक्यावरून ओढून बघ्यांच्या मागं उभी होती. काळजाला असा गारवा मिळाला म्हणता, की काही विचारू नका. मातीचा शेवटचा ढिगारा पडला तेव्हा ती गालात हसली. ते हसू घरी पोचेपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

कारण सह्या घेताना साहेब महेबूबला म्हणून गेले, "तक्रार घरातूनच आली होती, बरं का. म्हणून हजार माणसं वाचली. असं घर पाहिजे." झालं! महेबूब मनाचा दिलदार आणि जिभेचा त्याहून. घरातून म्हणजे कुणाकडून? अर्थात साक्षीकडून! त्यानं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला स्टोव्हला पिन मारता मारता सांगितलं, "क्या ईमान है देखो. खुद के माल की कंप्लेंट खुद करी, खुद सही करी. एक पाकीट नै बचाई." दोन दिवसांत देवणीभर झालं. लोक ओसरीवर येऊन साक्षीला हात जोडून जायला लागले. ती बिचारी सांगत होती, मी फोन केला नाही. पण चांगल्या गोष्टीला नाही म्हटलं की लोक तिला आणखी चांगलं म्हणतात. पेपरात पुन्हा बातमी आली, पुन्हा फोटो. म्हातारीच्या उशाखाली आता दोन पेपर. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! आणि हे सिंधुनं ऐकायचं, गिरणीच्या दारात उभं राहून, दळणाला आलेल्या प्रत्येकीच्या तोंडून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एक मात्र झालं. आप्पासाहेब परत आले. "सिंधुताई, दळण औंदाही तुमचंच. साक्षीताईच म्हनल्या, अक्कासारखं दळण कुणाचं न्हाई, त्यांनाच सांगा. लायसनचं त्या आपल्या नावावर बगून घेत्यात." जे पाहिजे होतं ते मिळालं, आणि तेही तिच्या हातून मिळालं. दुसरी बाई असती तर 'नको' म्हणाली असती. सिंधु म्हणाली नाही. दगडाला नवी टाकी लावली, भगर तीन वेळा पाखडली, स्वतःच्या दातानं चार ठिकाणचे दाणे बघितले आणि आदल्या दिवशी दळून दिली. पीठ असं निघालं की हात घातला तर काढू नये.

शिवरात्रीला जरीची साडी नेसून ती मठात गेली. पंगत बसली. साक्षी आणि मल्लम्मा बायांच्या रांगेत शेजारी शेजारी. सिंधु भाकरीची टोपली घेऊन वाढत होती. वाढून झालं, आप्पासाहेबांनी माइक घेतला. शेंगदाणे अमक्याचे, जळण तमक्याचं. "दळणसेवा, सिंधुताई."

'गिरणीवाल्या' सुद्धा म्हणाले नाहीत. श्वाससुद्धा न घेता पुढं गेले, "आणि आता मंडळी, आपल्या गावाची शान! साक्षीताईनं स्वतःच्या मालाची तक्रार स्वतः केली..." पुढचं टाळ्यांत बुडालं. साक्षी उठून उभी राहिली. "आप्पासाहेब, मी फोन केलेला न्हाई हो. कुणी केला मला ठाऊक न्हाई."

"बगा! ह्याला म्हनतात विनय!" आप्पासाहेब म्हणाले, आणि टाळ्या दुप्पट झाल्या.

सिंधुच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. टोपली खाली आपटून ती ओरडली, "फोन मी केला! मी! तिला काय कळतंय भगरीतलं?"

आप्पासाहेब गडबडले, पण माणूस हुशार. "तुम्ही? अरे वा! मग टाळ्या सिंधुताईंना!" आणि लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या. सिंधुसाठी! पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तिला त्या टाळ्या चढल्या. इथंच खाली बसली असती तर सगळं निभावलं असतं. पण हात दाखवून अवलक्षण करून घेणाऱ्याला कोण अडवणार? टाळ्या थांबू नयेत म्हणून ती आणखी बोलली.

"मला तर वाळवणावरच कळलं होतं! दाणा दाताखाली धरला अन् तिथंच कळलं, ओली हाय म्हनून. बावीस वर्षं दळायले मी!"

टाळ्या एकेक करून थांबल्या. साक्षी अजून उभीच होती.

"पण अक्का," ती हळू म्हणाली, "तुम्ही तर चालंल म्हनलात."

मल्लम्मानं मान वर करून थोरल्या सुनेकडं बघितलं. "सोमवारी तू दारात उभी होतीस," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली.

आणि मग सिंधुला दिसलं, पंगतीतले हात थांबलेत. रांगेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, भाकर मोडायला पुढं झालेले हात तसेच ताटावर. लोक एकदा तिच्याकडं बघत होते, एकदा भाकरीकडं. ही भाकर कुणी दळलीय ते आप्पासाहेबांनी आत्ताच माइकवरून सांगितलं होतं. एका लेकराला दम निघाला नव्हता, त्याच्या तोंडातला घास आईनं बोटानं काढून घेतला. महेबूब दारात पाण्याची टाकी लावत होता, त्यानं मान खाली घातली. सिंधु म्हणायला गेली, अवो चांगली हाय, मी स्वतः बगितलीय, चारदा बगितलीय. पण तिच्या बघण्याला आता काय किंमत होती?

साक्षी खाली बसली. तिनं भाकरीचा चांगला मोठा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि सगळ्यांदेखत खाल्ला. मग दुसरा. "दळण अक्काचं हाय," ती घास गिळून म्हणाली. "जेवा. थंड व्हायली आमटी." शेजारणीनं एक तुकडा खाल्ला, मग तिच्या शेजारणीनं. बघता बघता पंगत जेवायला लागली.

सिंधुची अब्रू वाचली होती, साक्षीनं वाचवली होती, आणि तिथं उभ्या उभ्या सिंधुच्या मनात पहिलं काय आलं म्हणाल? आता ह्याचंही हिलाच नाव होणार. तिला स्वतःचीच किळस आली, पण आलं होतं तेच. तिनं टोपली उचलली आणि रांगेनं वाढत निघाली. लोक भाकरी घेत होते. ती मल्लम्मापुढं आली. म्हातारीचं ताट जसं वाढलं होतं तसंच होतं, भाकर अख्खी. म्हातारी ताटाकडं न बघता साक्षीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. सिंधु थोडा वेळ टोपली धरून थांबली, मग पुढच्या बाईला वाढलं.